साथींतील पडझड

साथीच्या रोगांचा इतिहास लिहितांना आपण बहुधा दोनच आंकडे मांडतों: इतके लोक आजारी पडले आणि इतके मरण पावले. आपली मराठी भाषा ह्या कामीं मोठी काटकसरी आहे. रोगी ‘आजारी पडतो’ आणि पाय घसरून माणूस ‘खालीं पडतो’. क्रियापद दोहोंकडे एकच. परंतु पहिल्या पडण्याची नोंद सरकारदरबारीं होते. दुसऱ्याची नोंद घरच्या माणसांच्या बोलण्यांत चार दिवस राहते आणि मग तीहि पुसली जाते. २०२० सालीं सुरू झालेल्या करोनाच्या साथींत आपल्या घराघरांतून जीं वृद्ध माणसें न्हाणींत, उंबऱ्यावर किंवा अंथरुणापाशीं पडलीं, त्यांचा हिशेब रोज सायंकाळीं प्रसिद्ध होणाऱ्या पत्रकांत कधीं आला नाहीं. श्रोतेहो, आज मी ह्या दुसऱ्या पडण्याविषयीं बोलणार आहें.

साथीचा आणि घराचा संबंध दर वेळीं सारखाच असतो असें नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं गांठीचा प्लेग ओळखला. लौकरच तो पुण्यास आणि पुढें दक्षिणेंत पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. ह्या रोगाचें वाहन उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू. त्यामुळें त्या काळीं राहतें घर हेंच शत्रूचें ठाणें ठरलें. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावयाचें, माळावर किंवा शेतांत झोपडी उभारावयाची आणि साथ ओसरेपर्यंत तेथेंच दिवस काढावयाचे, ही रीत लोकांच्या अंगवळणीं पडली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाहि ह्यांतून सुटका नव्हती. त्याच साथींत, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले निवर्तल्या. वयाची सहासष्ट वर्षें ओलांडलेल्या ह्या बाईंनीं प्लेगनें ग्रासलेलें एक मूल पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत नेलें आणि त्या सेवेंतच त्यांना तो रोग जडला. त्यांच्या त्यागाचा गौरव आपण नेहमीं करतों. पण सहासष्टाव्या वर्षीं मूल पाठीवर घेऊन चालण्याइतके त्यांचे पाय बळकट होते, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरी मोठी साथ इन्फ्ल्युएंझाची. १९१८ च्या जून महिन्यांत ती मुंबईंत उतरली आणि पावसाळा सरतांना आलेल्या तिच्या दुसऱ्या लाटेनें अनर्थ केला. वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांवर तिचा विशेष रोख होता. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिला बळी पडलीं असा अंदाज आहे. आमचें देवणी गांव तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्या संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतींत सुमारे १ कोटी ३३ लक्ष होती. ती १९२१ मध्यें सुमारे १ कोटी २५ लक्षांवर आली. साथ आणि दुष्काळ ह्या दोघांनीं मिळून केलेला हा संहार होता. ज्या घरांतील कर्तीं माणसें गेलीं, त्या घरांत मागें राहिलेल्या वृद्धांना बसून राहण्याची सोयच उरली नव्हती. नातवंडें, पाणी, वैरण, चूल हें सर्व त्यांच्याच अंगावर आलें.

ह्या दोन्ही साथींत वृद्धांनीं हाल काढले नाहींत असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. माळावरची थंडी, उपासमार, पोटच्या मुलांचा वियोग हें सारें त्यांनीं सोसलें. परंतु एक गोष्ट त्यांच्याकडून कोणी काढून घेतली नाहीं. ती म्हणजे चालणें.

२०२० मध्यें हें चित्र पालटलें. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें करोनाच्या साथीला जागतिक महामारी म्हणून जाहीर केलें. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सबंध देशांत टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रांत १८९७ चाच कायदा पुन्हा अमलांत आला. त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ति व्यवस्थापन कायदा होता. कायदा जुना, परंतु आज्ञा नेमकी उलट होती. प्लेगच्या वेळीं सांगणें होतें, ‘घर सोडा’. करोनाच्या वेळीं सांगणें होतें, ‘घर सोडूं नका’. ४ मे २०२० पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या सूचनांत तर पासष्ट वर्षांवरील माणसांनीं, अत्यावश्यक काम किंवा औषधोपचार ह्यांवांचून, घरींच राहावें असें स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें. ह्या सूचनेला सबळ कारण होतें. करोना श्वासावाटे पसरत होता आणि आपल्या देशांत त्यानें जे बळी घेतले, त्यांत निम्म्याहून अधिक साठ वर्षांवरील होते. वृद्धांना जपणें अवश्य होतें. माझा मुद्दा इतकाच कीं, हें जपणें फुकट नव्हतें, आणि त्याची किंमत कोणीं व कशी दिली हें इतिहासांत लिहिलें गेलें पाहिजे.

ही किंमत कशी द्यावी लागली तें आमच्या भागाच्या उदाहरणानें सांगतों. देवणी हा लातूर जिल्ह्याचा कर्नाटकाच्या सीमेवरील तालुका. त्याचें नांव दूरवर पोहोंचलें तें इथल्या गोवंशामुळें. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा हे त्या गोवंशाचे तीन प्रकार. ज्या घरीं दावणीला जनावर असतें, तेथील म्हाताऱ्याला पहांटे उठून गोठ्यापर्यंत जावेंच लागतें. वैरण टाकावी लागते, पाणी दाखवावें लागतें. शेतीच्या कामांना टाळेबंदींत मोकळीक होती. म्हणून ज्यांचें शेत आणि गोठा चालू राहिला, त्या वृद्धांचे पायहि बऱ्याच अंशीं चालते राहिले. खरी कुचंबणा झाली ती गांवांत पेन्शनीवर राहणाऱ्या, दुकान मुलाच्या हातीं देऊन मोकळ्या झालेल्या, अथवा पुण्या-मुंबईस मुलाच्या बिऱ्हाडीं तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धांची. त्यांनीं चालण्याला ‘व्यायाम’ असें नांव कधीं दिलेंच नव्हतें. आठवडी बाजार, पारावरची बैठक, मारुतीचें दर्शन, वाचनालयांतील वर्तमानपत्र, बँकेची महिन्याची फेरी अशा निमित्तांनीं त्यांचें चालणें होत असे. टाळेबंदीनें निमित्तें बंद केलीं आणि निमित्तांबरोबर चालणें बंद झालें. महाराष्ट्रांतील देवळें मार्च २०२० मध्यें बंद झालीं, तीं १६ नोव्हेंबर २०२० रोजीं, दिवाळीच्या पाडव्याला, उघडलीं. पुढच्या वर्षीं दुसऱ्या लाटेंत तीं पुन्हा बंद झालीं आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, त्यांचीं दारें परत उघडलीं. इतक्या दिवसांत एखाद्या सत्तर वर्षांच्या बाईंच्या देवळाच्या फेऱ्या किती चुकल्या असतील, ह्याचा श्रोत्यांनींच हिशेब करावा.

पंढरीच्या वारीचें उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. मराठी माणसानें वृद्धपणीं चालत राहण्याची जी सर्वांत मोठी व्यवस्था निर्माण केली, ती वारी होय. पंधरावीस दिवस, रोज कांहीं कोस, टाळमृदंगाच्या ठेक्यावर, बरोबरीच्या माणसांच्या संगतीनें चालावयाचें. आणि त्यासाठीं आधीं दोन महिने अंगाला सवय लावावयाची. २०२० सालीं ३० जून रोजीं संतांच्या पादुका एस्. टी. च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी वारकऱ्यांवांचून पार पडली. २०२१ मध्येंहि तेंच झालें. पायीं वारी पुन्हा सुरू झाली ती २०२२ सालीं. मधल्या दोन वर्षांत जो वारकरी अडुसष्टाचा सत्तर वर्षांचा झाला, त्याच्या पायांचें काय झालें?

ह्या प्रश्नाचें उत्तर शरीरशास्त्र देतें. उतारवयांत स्नायु वापरला नाहीं कीं तो फार झपाट्यानें झिजतो. २००७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर निजवून ठेवलें होतें. तेवढ्यांत त्यांच्या पायांचें मांस सरासरीनें जवळजवळ एक किलो घटलें आणि पायांची शक्तिहि उतरली. दहा दिवसांची ही कथा. आपल्याकडील कित्येक वृद्ध तर कित्येक महिने खुर्ची आणि पलंग ह्यांच्यामध्येंच वावरत होते. स्नायूंबरोबर तोलहि जातो. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून चालतांना पाऊल, घोटा, डोळा आणि कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय ह्यांची जी नित्य तालीम होत असते, ती सपाट खोलींत होत नाहीं. उन्हांत जाणें थांबलें कीं हाडांना उपयोगी पडणारें ड जीवनसत्त्व कमी पडूं लागतें. फार वेळ निजून वा बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढें अंधारी येते. त्यांत मोतीबिंदूसारख्या नियोजित शस्त्रक्रिया साथीमुळें पुढें ढकलल्या गेल्या. म्हणजे ज्याला उंबरा अंधुक दिसत होता, त्याला तो आणखी कित्येक महिने तसाच दिसत राहिला. तोंडावरील मुखपट्टीनें चष्म्याच्या कांचेवर वाफ धरे आणि पायाखालचें दिसणें कमी होई, हा अनुभव तर तरुणांसहि आला.

आतां घराकडे पाहूं. आमच्या मराठवाड्यांतील जुनीं माळवदाचीं घरें म्हणजे उंच उंबरे, ओसरीच्या पायऱ्या आणि अंधाऱ्या आंतल्या खोल्या. नव्या घरांत उंबरा लहान झाला, पण शहाबादी फरशी किंवा चकचकीत टाइल आली. पाणी सांडलें कीं तिच्यावर पाय ठरत नाहीं. न्हाणी नेहमीं ओली; साबणाचा बुळबुळीतपणा वेगळाच; धरावयास भिंतीला एक कडीसुद्धां नसते. साथीच्या भीतीनें वारंवार हात धुणें, फरशी औषधी पाण्यानें पुसणें हें वाढलें. सर्व माणसें दिवसभर घरांतच असल्यामुळें वाटेंत खेळणीं, तारा, पादत्राणें ह्यांचाहि पसारा वाढला. रोगापासून वांचण्यासाठीं ज्या घराचा आश्रय घेतला, तें घर पडण्याच्या दृष्टीनें किती सुरक्षित आहे, हें पाहण्याची सवड मात्र कोणाला झाली नाहीं.

ह्या पडण्याचे आंकडे अगदींच नाहींत असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांत दर वर्षीं ६ लक्ष ८४ हजार माणसें पडून मरण पावतात, आणि त्यांत साठ वर्षांवरील माणसांचा भरणा सर्वांत मोठा. आपल्या देशांत २०१७-१८ मध्यें वृद्धत्वाविषयीं जी विस्तृत पाहणी झाली, तींत पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसांना प्रश्न विचारले गेले. त्यांतील साठ वर्षांवरील माणसांपैकीं साधारणतः आठांत एक मागील दोन वर्षांत पडलेला होता. हें साथीपूर्वींचें. साथीच्या काळाविषयीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठानें जानेवारी २०२१ मध्यें पन्नास ते ऐशीं वर्षांच्या माणसांना विचारलें, तेव्हां एकतृतीयांशाहून अधिक लोकांनीं आपली हालचाल कमी झाल्याचें सांगितलें, आणि मार्च २०२० पासून आपण एकदां तरी पडलों असें चौघांमागें एकानें सांगितलें. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानें २०२१ सालीं असा अंदाज वर्तविला कीं, साथीमुळें आलेल्या निष्क्रियतेवर उपाय न केल्यास वर्षांतून एकदां तरी पडणाऱ्या वृद्धांत १ लक्ष १० हजारांची भर पडेल. टाळेबंदींत रस्ते ओस पडल्यानें वाहनांच्या अपघातांत मोडणारीं हाडें पुष्कळ कमी झालीं. परंतु म्हाताऱ्यांच्या खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण अनेक देशांत तितकें उतरलें नाहीं. कारण उघड आहे: तें हाड रस्त्यावर नव्हे, घरांत मोडतें.

पडणें आणि साथ ह्यांचा आणखीहि एक निकटचा संबंध आहे. तरुणास करोना झाला कीं ताप, खोकला, घशांत दुखणें हीं लक्षणें दिसत. पुष्कळ वृद्धांत मात्र ताप फारसा नसे. गळून जाणें, भ्रम होणें किंवा एकाएकीं तोल जाऊन पडणें हेंच पहिलें लक्षण असे. घरचीं माणसें म्हणत, ‘पाय घसरला’. आणि आंत रोग घर करून बसलेला असे. आपले माजी राष्ट्रपति प्रणव मुखर्जी ह्यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. ९ ऑगस्ट २०२० रोजीं ते दिल्लींतील राहत्या घरीं न्हाणीघरांत पडले. दुसऱ्या दिवशीं सैनिकी रुग्णालयांत त्यांच्या मेंदूंतील रक्ताची गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वेळच्या तपासणींत त्यांना करोनाची लागण झाल्याचें आढळलें. ३१ ऑगस्ट रोजीं, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या बाबतींत कशामुळें काय घडलें हें सांगणें वैद्यांचें काम. मी एवढेंच म्हणेन कीं, राष्ट्रपतिपद भूषविलेल्या माणसालाहि न्हाणीघरांतील पडणें आणि साथ ह्या दोहोंशीं एकाच आठवड्यांत गांठ पडली. मग सामान्य घरांची कथा काय? तेथें तर पडल्यावर दवाखान्यांत न्यावें कीं न न्यावें ह्याचाच खल होत असे. मोठीं रुग्णालयें करोनाच्या रोग्यांनीं भरलेलीं; तेथें नेलें तर रोग लागेल ही धास्ती; गाडी मिळेना. मग हळद-तेल लावून, शेक देऊन वाट पाहिली जाई. म्हातारीं माणसेंहि पडल्याचें लपवीत. ‘उगाच पोरांना घोर कशाला?’ हा त्यांचा विचार. पण एकदां पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीनें आणखी कमी चालतो. कमी चालल्यानें पाय आणखी दुबळे होतात. आणि दुबळे पाय त्याला पुन्हा पाडतात.

आमच्या लातूर जिल्ह्याला घर पडण्याचा अर्थ कोणीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंती व मातीचीं जड छपरें निजलेल्या हजारों माणसांवर कोसळलीं. त्या दिवसापासून आम्हीं घराकडे नव्या दृष्टीनें पाहूं लागलों. भिंत कशी असावी, छप्पर किती हलकें असावें, ह्याचा विचार सरकारनें केला, स्थापत्यशास्त्रज्ञांनीं केला, गवंड्यांनीं केला. गांवेंच्या गांवें नव्यानें वसलीं. घर पडतें तेव्हां सारें जग धांवून येतें. घरांत माणूस पडतो तेव्हां मात्र त्याचा आवाज शेजारच्या खोलींतहि जात नाहीं. पहिल्या पडण्यापासून आपण जें शिकलों, तें दुसऱ्या पडण्यापासून शिकावयाचें अजून राहिलें आहे.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें करोनाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. परंतु साथी येतच राहणार, हा इतिहासाचा दाखला आहे. आणि पुढील साथ येईल तेव्हां आपल्या घरांत वृद्ध माणसें अधिक असतील. २०११ च्या जनगणनेंतच साठ वर्षांवरील माणसें १० कोटींहून अधिक होतीं. तेव्हां ‘वृद्धांनीं घरींच राहावें’ ह्या आज्ञेला एक दुसरें वाक्य जोडणें अवश्य आहे: ‘आणि त्यांनीं रोज चालावें.’ पहांटेचे दोन घटका रस्ते केवळ वृद्धांसाठीं राखून ठेवणें अशक्य नाहीं. तेंहि न जमल्यास अंगणांत, गच्चीवर, ओसरींत नेमानें येरझारा घालतां येतात. खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठतां-बसतां येतें. ओट्याचा आधार घेऊन एका पायावर क्षणभर उभें राहतां येतें. हे उपाय क्षुल्लक वाटतात, पण तसे ते नाहींत. जगांतील १०८ चांचण्यांचा एकत्र विचार करून २०१९ सालीं जो निष्कर्ष काढला गेला, त्याप्रमाणें अशा व्यायामानें वृद्धांचें पडणें सुमारे २३ टक्क्यांनीं कमी होतें. न्हाणींत भिंतीला एक मजबूत कडी, रात्रीं वाटेंत एक मंद दिवा, टांच धरून ठेवणारी चप्पल, कोरडी फरशी. ह्यांचा खर्च एका खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढें कांहींच नाहीं.

आणि शेवटीं नोंदीविषयीं. १५ सप्टेंबर २०२० रोजीं महाराष्ट्रांत ‘माझें कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले; प्रत्येकाचा ताप पाहिला, रक्तांतील प्राणवायु मोजला, जुने आजार विचारून घेतले. इतक्या मोठ्या प्रदेशांत दारोदार जाऊन माणसांची विचारपूस करण्याचें हें काम खरोखर वाखाणण्याजोगें होतें. पुढच्या वेळीं त्याच वहींत आणखी एक रकाना असावा. घरांतील वृद्धाला, त्याच्याशेजारीं बसून, सून-मुलांच्या देखत नव्हे तर त्याच्या एकट्याच्या कानांत, विचारावें: ‘आजोबा, गेल्या महिन्यांत कुठें पडला होतां का?’ वृद्ध मनुष्य आपण होऊन हें सांगत नाहीं. पण कोणीं आपुलकीनें विचारलें तर नाहीं म्हणत नाहीं. रोगानें किती माणसें नेलीं हें आपण मोजलें. घरांत बसवून ठेवल्यानें किती माणसें पडलीं, त्यांतील किती पुन्हा उभीं राहिलीं आणि किती अंथरुणाला खिळलीं, हें ज्या दिवशीं त्या वहींत लिहिलें जाईल, त्या दिवशीं साथीचा हिशेब पुरा झाला असें म्हणतां येईल. सरकारी रकान्याची वाट न पाहतां हा प्रश्न आपापल्या घरांत आजच विचारण्यास मात्र कोणाची हरकत नसावी.